तिकीट कुणी द्यायचं? बॅटरसी नॉर्थ नावाच्या एका संपलेल्या मतदारसंघाचं म्हणणं

निवडणूक जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे जे चालतं ते सगळ्यांनी बघितलंय. दुपारचे तीन वाजत आलेले असतात, निवडणूक अधिकाऱ्याच्या दारात एकाच पक्षाचे दोन-दोन इच्छुक उभे असतात, दोघांचेही समर्थक घोषणा देतायत आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, अजून मुंबईहून निघालेल्या गाडीतच आहे. तो कुणाच्या हातात पडणार हे त्या तालुक्यात वर्षानुवर्षं पक्षाचं काम केलेल्या एकाही माणसाला माहीत नसतं. मग फॉर्म पडतो परवाच पक्षप्रवेश झालेल्याच्या हातात, निष्ठावंतांनी पुन्हा सतरंज्या उचलायच्या, आणि ज्याला हे सहन होत नाही तो अपक्ष उभा राहिला की पेपरात त्याच्या नावापुढे बंडखोर असं छापून येतं. तिथल्या सभासदांना कुणी विचारलेलंच नसतं, मग त्याने बंड नेमकं कुणाविरुद्ध केलं?

माझं म्हणणं सरळ आहे. उमेदवार ठरवायचा पहिला हक्क त्या मतदारसंघातल्या पक्षाच्या सभासदांचा, पक्षश्रेष्ठींचा नाही. यावर लगेच उत्तर येतं की स्थानिक लोक संकुचित असतात, जातीपातीच्या बाहेर बघत नाहीत, मोठी दृष्टी वरच्यांनाच असते. हे उत्तर मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला लंडनमधला एक मतदारसंघ घेतो, जो १९१८ ला तयार झाला आणि १९८३ ला नकाशावरून गेला. नाव बॅटरसी नॉर्थ. या मतदारसंघाने मुंबईत जन्मलेल्या एका पारशाला दोनदा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पाठवलं, तेही आपण त्यांचे गुलाम होतो त्या काळात.

थेम्सच्या दक्षिण काठावरचा हा भाग, रेल्वेच्या रुळांनी सगळीकडून कापलेला. जवळच नाइन एल्म्सची रेल्वे यार्डं, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा मोठा कारखाना, धातू वितळवायच्या मुशी बनवणारा कारखाना, आणि या सगळ्यात राबणाऱ्या कामगारांच्या चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगा. दक्षिणेकडे क्लॅपहॅम कॉमनच्या बाजूला जरा खातीपिती वस्ती होती, तो भाग वेगळा होऊन बॅटरसी साउथ झाला. त्याआधी सगळं मिळून एकच बॅटरसी होतं आणि तिथून १८९२ पासून जॉन बर्न्स निवडून येत होते, १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपाचे पुढारी, जे पुढे मंत्री झाले आणि १९१४ ला युद्धाच्या विरोधात मंत्रिपद सोडून बाहेर पडले.

या भागाच्या म्युनिसिपालिटीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून आलंय. १९०३ साली बॅटरसीच्या कौन्सिलने लॅचमिअर इस्टेट नावाची कामगारांची वसाहत उभी केली, कंत्राटदार न लावता, कौन्सिलच्या स्वतःच्या कामगारांकडून. तिथल्या रस्त्यांची नावं वाचली तरी लोक कसे होते ते कळतं. एक फ्रीडम स्ट्रीट, एक रिफॉर्म स्ट्रीट, आणि एक चक्क जुबेर स्ट्रीट. जुबेर म्हणजे पीट जुबेर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याविरुद्ध लढलेले सेनापती. युद्ध संपून वर्षच झालेलं, देशभर साम्राज्याचा जयघोष चाललेला आणि ही माणसं शत्रूच्या सेनापतीचं नाव आपल्या गल्लीला देतायत, कारण ते युद्धच त्यांना अन्यायाचं वाटत होतं. त्याच बॅटरसीत १९१३ ला जॉन आर्चर महापौर झाले. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, स्वतः लिव्हरपूलला जन्मलेले आणि बॅटरसीत फोटो स्टुडिओ चालवणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. लंडनमधल्या कुठल्याही बरोचे, म्हणजे शहराच्या म्युनिसिपल विभागाचे, पहिले कृष्णवर्णीय महापौर. हे कुठल्याही मुख्यालयाने ठरवलेलं नव्हतं, कौन्सिलमधल्या माणसांनी मतं देऊन केलेलं होतं.

१९१८ ला बॅटरसी नॉर्थची पहिली निवडणूक झाली. बायकांना पहिल्यांदा मत मिळालं, तेही वयाच्या तिशीनंतर आणि मालमत्तेच्या अटी घालून. लेबरने, म्हणजे तिथल्या मजूर पक्षाने, इथे शार्लट डेस्पार्ड यांना उभं केलं. वय ७४, मताच्या हक्कासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या, युद्धाच्या विरोधात बोलणाऱ्या, आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या बाजूच्या, आणि त्यांचा सख्खा भाऊ त्याच वेळी आयर्लंडमध्ये ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी म्हणून बसलेला. विजयाच्या धुंदीतल्या त्या निवडणुकीत त्या मोठ्या फरकाने पडल्या, सरकारी आघाडीचे लिबरल रिचर्ड मॉरिस निवडून आले. पण ज्या शाखेने पहिल्याच फेरीत अशी बाई उभी केली ती पराभवानंतर शहाणी होऊन एखादा सुरक्षित उमेदवार शोधेल असं आपल्याला वाटतं ना, तसं झालं नाही. त्यांनी पुढच्या वेळी शापूरजी सकलातवाला यांना आणलं.

सकलातवाला म्हणजे जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. जन्म १८७४, मुंबई. सेंट झेवियर्सला शिकले, मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिनच्या लसीच्या कामात मदत केली, मग टाटांसाठी लोखंड आणि कोळशाच्या शोधात जंगलं तुडवली आणि मलेरियाने खंगल्यावर १९०५ ला विलायतेला पाठवले गेले. तिथे डर्बीशरमध्ये उपचार घेताना सॅली मार्श नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या मुलीशी ओळख झाली आणि १९०७ ला लग्न. पुढे आयुष्यभर कामगार चळवळीत राहिले आणि १९२१ ला कम्युनिस्ट पक्षात गेले. आता विचार करा, बॅटरसीच्या रेल्वे कामगारासाठी हा माणूस किती उपरा होता! परदेशी, पारशी, भांडवलदार घराण्यातला, वर कम्युनिस्ट. आपल्याकडच्या कुठल्याही सर्वे करणाऱ्या एजन्सीने हे नाव पहिल्याच चाळणीत उडवलं असतं.

पण बॅटरसीची ट्रेड्स कौन्सिल आणि लेबर पार्टी, म्हणजे कामगार संघटनांच्या शाखा आणि पक्षाचे सभासद यांची एकत्र स्थानिक संघटना, तिने त्यांना निवडलं. लेबरमध्ये तेव्हा कम्युनिस्टांना पूर्ण बंदी आलेली नव्हती त्यामुळे ते लेबरचे अधिकृत उमेदवारच होते. आणि त्यांचे निवडणूक एजंट कोण, तर जॉन आर्चर.

१९२२ चा निकाल बघा. सकलातवाला ११,३११, नॅशनल लिबरल हॉगबिन ९,२९०, आणि दुसऱ्या लिबरल गटाचा उमेदवार १,७५६. म्हणजे २,०२१ चं मताधिक्य. मतविभागणीचा फायदा झाला असं कुणी म्हणेल तर दोन्ही लिबरलांची बेरीज ११,०४६ होते, तरीही सकलातवालाच पुढे. इथे अजून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळात ब्रिटनच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापलेलं नसायचं, ती सोय १९६९ च्या कायद्याने आली, आणि आपल्यासारखं चिन्ह तर नाहीच. मतपत्रिकेवर फक्त उमेदवाराचं नाव, पत्ता आणि व्यवसाय. म्हणजे अकरा हजारांवर माणसांनी सकलातवाला हे त्यांच्या जिभेला न वळणारं नाव लक्षात ठेवून, कागदावर शोधून, त्याच्यापुढे फुली मारली. हे लाटेवर होत नाही हो, त्यासाठी गल्लीगल्लीत फिरणारी, दार ठोठावणारी, त्या माणसाला स्वतः निवडलेली आणि म्हणून त्याच्यासाठी घसा कोरडा करणारी माणसं लागतात.

१९२३ ला परत निवडणूक लागली. लिबरल एक झाले होते, हॉगबिन १२,५२७ आणि सकलातवाला १२,३४१. त्यांची स्वतःची मतं हजाराने वाढली तरी १८६ ने पडले. आणि मग १९२४. त्या ऑक्टोबरमध्ये लेबरच्या अधिवेशनात ठरलं की कम्युनिस्टाला लेबरचं तिकीट द्यायचं नाही. त्यात मतदानाच्या चार दिवस आधी ते झिनोव्हिएव्ह पत्र पेपरात आलं, ज्यात मॉस्कोने ब्रिटनमध्ये उठाव करायला सांगितल्याचं दाखवलं होतं, आणि देशभर लाल बागुलबुवा उभा राहिला. लेबरच्या १९१ जागा होत्या त्या १५१ वर आल्या. अशा हवेत बॅटरसी नॉर्थच्या लेबर शाखेने काय केलं, तर आपला माणूस सोडला नाही. सकलातवाला उघड उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले, लेबरने समोर कुणी दिला नाही, स्थानिक सभासद त्यांच्यासाठी राबले आणि ते १५,०९६ विरुद्ध १४,५५४ असे ५४२ मतांनी जिंकले. त्या पार्लमेंटमध्ये एकटे कम्युनिस्ट खासदार.

इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची वाटते, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९२५ ला लिव्हरपूलच्या अधिवेशनात लेबरने आणखी कडक नियम केला की कम्युनिस्टाला पक्षाचं वैयक्तिक सभासदत्वच नाही. बॅटरसीच्या शाखेने आपल्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांना बाहेर काढायला नकार दिला. मग १९२६ ला लेबरच्या मुख्यालयाने काय केलं असेल? आख्खी शाखाच बाहेर काढली आणि तिथे नवीन शाखा उभी केली. ज्या संघटनेने महापौर आर्चर घडवले, जिने कामगारांचा खासदार निवडून आणला, ती एका ठरावाने अनधिकृत झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सकलातवाला हाइड पार्कमधल्या भाषणासाठी तुरुंगात गेले, सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नयेत असं बोलले म्हणून दोन महिन्यांची शिक्षा. म्हणजे खासदार तुरुंगात आणि मागे त्याची शाखा मोडलेली.

पण सगळा दोष लेबरच्या मुख्यालयावर टाकून मोकळं होता येत नाही. दुसऱ्या बाजूलाही एक मुख्यालय होतं. मॉस्कोतल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलने, म्हणजे देशोदेशीच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेने, १९२८ च्या सुमारास लाइन बदलली, वर्गाविरुद्ध वर्ग, म्हणजे लेबर हासुद्धा भांडवलदारांचाच पक्ष समजायचा आणि त्याच्याशी कसलीही युती करायची नाही. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने ती उचलली, आणि खुद्द सकलातवालाही लेबरवर चिडलेले असल्याने त्या लाइनच्या विरोधात नव्हते. त्याच पक्षाने १९२७ ला त्यांना जाहीर समजही दिली होती, का तर लंडनमध्ये कॅक्स्टन हॉलला त्यांनी आपल्या मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मात घ्यायचा विधी, केली म्हणून. ज्या मतदारांनी त्यांना पारशी म्हणून माहीत असताना मतं दिली त्यांनी ही समज मागितली होती का? एका मुख्यालयाला तो कम्युनिस्ट म्हणून नको होता आणि दुसऱ्याला पुरेसा कम्युनिस्ट नाही म्हणून खटकत होता, आणि बॅटरसीतल्या ज्या माणसांना तो हवा होता त्यांना कुणीच विचारत नव्हतं.

१९२९ ला निकाल लागला. लेबरचे अधिकृत उमेदवार सँडर्स १३,२६५ मतांनी निवडून आले आणि सकलातवाला ६,५५४ वर, तिसऱ्या नंबरला. सँडर्स यांचे निवडणूक एजंट होते जॉन आर्चर. तेच आर्चर ज्यांनी याच माणसासाठी याच गल्ल्या पायाखाली घातल्या होत्या, ते आता त्याच मतदारयाद्या घेऊन त्याच्या पराभवासाठी फिरत होते. हे वाचताना मला फार वाईट वाटतं. दोघांपैकी कुणीही विकला गेला नव्हता, दोघंही आपापल्या पक्षाशी प्रामाणिक होते, पण त्यांना एकत्र बांधणारी जी स्थानिक संघटना होती तीच वरून चिरली गेली होती. १९३१ ला सकलातवालांना ३,०२१ मतं पडली आणि सीट कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्या मार्सडेन नावाच्या नौदल अधिकाऱ्याकडे गेली. १९३६ च्या जानेवारीत ते गेले.

त्यानंतरचं पटकन सांगता येतं. १९३५ ला सँडर्स परत आले, १९४० ला पोटनिवडणुकीत फ्रान्सिस डग्लस, ते माल्टाचे गव्हर्नर म्हणून गेल्यावर १९४६ ला डग्लस जे (आडनाव जे), पंतप्रधान ॲटली यांचे सल्लागार राहिलेले. ते १९८३ पर्यंत म्हणजे ३७ वर्षं खासदार राहिले, मध्ये मंत्रीही झाले, चांगला माणूस. मतदारसंघ लेबरसाठी सेफ सीट झाला होता. पण देशाने मान वळवून बघावं असं काही बॅटरसी नॉर्थने त्यानंतर केलं नाही. १९८३ ला सीमा बदलल्या आणि उत्तर-दक्षिण परत जोडून नुसतं बॅटरसी झालं.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे. स्थानिक माणसं नेहमी बॅटरसीसारखी नसतात. १९६४ ला बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये (तोही मतदारसंघ १९७४ ला संपला, २०२४ ला त्याच नावाने परत आला) बाहेरून आलेल्या गोऱ्येतर लोकांविरुद्ध अत्यंत घाणेरडा प्रचार झाला आणि लेबरचे पॅट्रिक गॉर्डन वॉकर तिथे पडले. म्हणजे खालच्या लोकांवर सोडलं की असंही होऊ शकतं, मान्य. पण त्याच्या पुढचा भाग सांगितला जात नाही. गॉर्डन वॉकर पडूनसुद्धा त्यांना परराष्ट्रमंत्री केलं गेलं, आणि त्यांना पार्लमेंटमध्ये आणायला मुख्यालयाने पूर्व लंडनमधल्या लेटनच्या खासदाराला लॉर्ड्स या वरच्या सभागृहात पाठवून सीट रिकामी करवली. भक्कम लेबर सीट होती ती. १९६५ च्या जानेवारीत तिथल्या मतदारांनी त्यांना २०५ मतांनी पाडलं. आमचा खासदार न विचारता काढलात आणि न विचारता दुसरा आणून ठेवलात, हा राग त्यात होताच. वंशद्वेषाला उत्तर म्हणून वरून लादणं हा उपाय तिथेही चालला नाही.

आणि वरचे लोक खुल्या मनाचे असतात याला पुरावा काय? सकलातवाला १९२९ ला पडले, त्यानंतर लेबरच्या बाकावर भारतीय वंशाचा खासदार यायला १९८७ उजाडलं, कीथ वाझ, मूळ गोव्याच्या कुटुंबातले. मधली ५८ वर्षं मुख्यालयं होतीच की. त्याच्याही आधी, मुंबईच्याच दादाभाई नौरोजींना सेंट्रल फिन्सबरीतून १८९२ ला निवडून येण्याआधी काही वर्षं स्वतःच्याच लिबरल पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांशी झगडावं लागलं होतं. इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडणार नाहीत असं म्हणणारे सॉल्सबरी देशाचे पंतप्रधान होते, फिन्सबरीच्या गल्लीतला कुणी दुकानदार नव्हता. आणि आजच्या काळातलं बघायचं तर ऋषी सुनक यांना यॉर्कशरच्या रिचमंडसारख्या ग्रामीण, जवळजवळ पूर्ण गोऱ्या मतदारसंघात २०१४ ला तिथल्या कंझर्व्हेटिव्ह सभासदांनीच उमेदवार म्हणून निवडलं होतं.

स्थानिक माणूस उमेदवाराला समोरासमोर बघतो, प्रश्न विचारतो, त्याच्याबरोबर चहा घेतो, त्यामुळे त्याचं मत बदलायला जागा असते. मुख्यालयात बसलेला माणूस आकडे बघतो, अमुक जातीची इतकी टक्के मतं, तमुकचा निवडून यायचा चान्स इतका. आपल्याकडे जातीचं गणित सगळ्यात पक्कं कुठे मांडलं जातं तर तिकीटवाटपाच्या बैठकीत, गावात नाही. गावात जात आहेच, मी नाकारत नाही, पण गावात जातीपलीकडे ओळखीपाळखीचं, कामाचं, अडीनडीला धावून आल्याचं वजनही असतं, जे त्या बैठकीतल्या कागदावर कधीच उमटत नाही.

आपला कायदाही या बाबतीत वरच्यांच्याच बाजूचा आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. चिन्ह कुणाला मिळणार हे ए आणि बी फॉर्मवर ठरतं. ए फॉर्मने पक्ष सांगतो की उमेदवारांची नावं कळवायचा अधिकार कुणाला, आणि बी फॉर्मने तो माणूस सांगतो की उमेदवार कोण. सभासदांना विचारलं का, बैठक झाली का, मतदान झालं का, याचा एक रकानाही त्यात नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांच्या आत लोकशाही कायद्याने आणावी असं सुचवलं होतं, ते तसंच पडून आहे. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे निवडून आल्यावरही व्हिप वरूनच येतो, म्हणजे तिकीट वरून आणि मतसुद्धा वरून, मग मतदारसंघाचा प्रतिनिधी तो नेमका कुठे उरला?

पैसेवाला माणूस आख्खी तालुका कमिटी विकत घेईल, हा अजून एक मुद्दा काढतात. घेईलही. पण आज त्याला एकाच ठिकाणी पोचायला लागतं, उद्या पाचशे-हजार सभासदांकडे जायला लागेल आणि ते चारचौघांत होईल, लपून नाही. शिवाय मी मुख्यालयाला काहीच अधिकार नको असं म्हणत नाही. गंभीर गुन्हे असलेला, किंवा लोकांत द्वेष पसरवणारा उमेदवार खालून आला तर पक्षाने नाकारावा, पण कारण लेखी द्यावं आणि परत सभासदांनाच दुसरा निवडू द्यावा.

सुरुवात लोकसभेपासून करायची गरज नाही. पंचायत समितीचा एक गण घ्या, जिल्हा परिषदेचा एक गट घ्या. निदान वर्षभर आधीपासून सभासद असलेल्यांची यादी लावा, इच्छुकांना एका सभागृहात सगळ्यांसमोर बोलायला लावा, चिठ्ठ्यांवर मतदान घ्या आणि जो निवडला जाईल त्याच्याच नावाचा बी फॉर्म अर्ज भरायच्या पहिल्या दिवशी तयार ठेवा. कुठल्याही पक्षाला हे करायला आज कुठलाच कायदा अडवत नाही. जो पक्ष हे एका तरी तालुक्यात करून दाखवेल त्याच्या सभासदत्वाची पावती फाडायला मी स्वतः जाईन, मग त्याचा झेंडा कुठल्याही रंगाचा असो.